तुम्ही विचारलंत म्हणून: चेरोकीला वेगळे कोड कशाला?

फॉन्टच्या कामात असल्यामुळे कुणाला चेरोकी लिपीचा, म्हणजे अमेरिकेतल्या चेरोकी या मूळनिवासी लोकांच्या लिपीचा, तक्ता दाखवला की हा प्रश्न हमखास येतो. ‘यातली कितीतरी अक्षरं इंग्रजीच तर दिसतात! मग तीच वापरायची, वेगळे कोड कशाला?’

दिसतात, हे खरं. पण डीसारखं दिसतं ते ‘आ’ आहे, आरसारखं ‘ए’, डब्ल्यूसारखं ‘ला’ आणि एचसारखं ‘मी’. सिक्वोया या चेरोकी चांदी कारागिराने 1821 च्या सुमारास ही लिपी पुरी केली, तेव्हा त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. आपल्यासारखी व्यंजनाला मात्रा लावायची सोय तिच्यात नाही. ‘ला’, ‘ले’, ‘ली’ ही तीन अगदी निरनिराळी चिन्हं. तरी लोकांनी ती इतक्या झपाट्याने आपलीशी केली की 1828 मध्ये जॉर्जियातल्या न्यू इकोटा इथून ‘चेरोकी फीनिक्स’ हे वर्तमानपत्र चेरोकी आणि इंग्रजीत निघू लागलं.

संगणकाला आकार कळत नाही, तो प्रत्येक अक्षराचा ठरलेला आकडा, म्हणजेच कोड, साठवतो. इंग्रजी डीचा आकडा वापरून ‘आ’ लिहिला तर शोधताना, क्रम लावताना, मोठ्याने वाचून दाखवताना संगणक त्याला डीच समजणार. युनिकोड, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना वेगवेगळे कोड देणारं सामायिक प्रमाण, येण्याआधी मराठीत आपण हे पुरेपूर भोगलंय: फॉन्ट बदलला की अख्खा लेख अगम्य चिन्हांचा ढीग. आजही ‘ॲप’ हा शब्द पाहा. ‘ॲ’ला स्वतःचा कोड 2008 मध्ये मिळाला, त्याआधी ‘अ’वर चंद्र लावून भागवायचे आणि कितीजण अजूनही तसंच लिहितात. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण एक शोधलं की दुसरं निसटू शकतं.

चेरोकीची 85 अक्षरं 1999 साली युनिकोडमध्ये आली. या लिपीत इंग्रजीसारखी लहान-मोठी जोडी नाही, असं तेव्हा धरलं होतं. पण जुन्या छपाईत दोन आकारांची अक्षरं शेजारीशेजारी सापडतात. म्हणून 2015 मध्ये लहान अक्षरंही घेतली आणि खरा पेच तिथे पडला. दिलेला कोड युनिकोड परत घेत नाही, आणि शोधताना लहान-मोठं अक्षर एकच मानायचा जो नियम असतो, तोही मागाहून फिरवता येत नाही. इतर लिप्यांत मोठ्याचं लहान करून तुलना करतात. तीच रीत इथे लावली असती, तर आधीच्या 16 वर्षांतल्या मजकुराची तुलना वेगळी निघाली असती. म्हणून चेरोकीत उलटं ठरलं: जुनी अक्षरं मोठी मानायची आणि तुलनेसाठी लहानाचं मोठं करायचं. असा अपवाद केलेली ही एकटीच लिपी. मला तो निर्णय मनापासून पटतो. नियम देखणा ठेवण्यापेक्षा लोकांनी लिहून ठेवलेलं जपणं केव्हाही मोलाचं.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी प्रोग्रॅम लिहीत असाल, तर नावं जुळवताना नुसतं ‘सगळं लहान करा’ असं सांगून मोकळे होऊ नका. युनिकोडने तुलनेसाठी दिलेला तक्ता वापरा. आणि फॉन्ट करत असाल तर 2015 ची लहान अक्षरं त्यात घाला. ती नसली, की वाचणाऱ्याला शब्दांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात.