काम बंद झालं तशी झोप लागायला लागली

६ जानेवारी २०२५, सोमवार. बंगळुरूत दोन बाळांना एचएमपीव्ही, म्हणजे चीनमधल्या बातम्यांत गाजत असलेला श्वसनाचा विषाणू, झाल्याची बातमी सकाळी आली आणि संध्याकाळी बोरिवली पूर्वेच्या माझ्या दवाखान्यात कोविडनंतर कपाटात गेलेले मास्क पुन्हा दिसले. जो तो विचारत होता, "ते चीनवालं तर नाही ना?"

साठी ओलांडलेल्या एका काकूंना मुलगा घेऊन आला. बसायच्या आधीच म्हणाला, "डॉक्टर, आईची टेस्ट लिहून द्या."

"खोकला कधीपासून?"

"दिवाळीपासून."

दोन महिने! आणि दवाखाना आठवला तो टीव्हीवर व्हायरस दिसल्यावर. ताप नाही, ऑक्सिजन ९६, पण छातीत शिट्ट्या. श्वास किती जोरात सुटतो ते मोजणाऱ्या पीक फ्लो मीटरमध्ये जोरात फुंकायला लावलं तर काटा कसाबसा १९०वर. नेब्युलायझर देऊन वीस मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावलं, २५०. म्हणजे दमा. आवळलेल्या नळ्या औषधाने मोकळ्या झाल्या होत्या.

घराबद्दल विचारलं. समोरची इमारत रिडेव्हलपमेंटला गेलेली, खिडकीच्या गजांवर रोज सिमेंटचा थर. काकू सहज बोलून गेल्या, "आठ दिवस काम बंद आहे, तशी जरा झोप लागतेय." ३० डिसेंबरला महापालिकेने बोरिवली पूर्व आणि भायखळ्यातली बांधकामं थांबवली होती, कारण हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक (एक्यूआय) २००च्या वर गेला होता.

मुलगा मात्र टेस्टवरच अडून. त्याला सांगितलं, हा विषाणू २००१ पासून माहीत आहे, त्यावर वेगळं औषध नाही. रिपोर्ट काहीही आला तरी काकूंना दम्याचा पंपच (इनहेलर) घ्यावा लागणार.

त्याची भीती मला खोटी वाटत नाही. २०२१च्या एप्रिलमध्ये बेडसाठी फिरलेला माणूस विषाणूला हसत नाही. साथ पंधरा दिवसांत वॉर्ड भरते, धूळ तसं करत नाही. पण त्याच २०२१ मध्ये भारतात प्रदूषित हवेमुळे सुमारे २१ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. कोविडच्या आधी, २०१९ मध्येही तो १६.७ लाख होता. यात चुलीचा धूरही आला. हे मृत्यू हार्ट अटॅक, लकवा, न्यूमोनिया अशा नावांनी नोंदले जातात, म्हणून रोज संध्याकाळी त्यांचा आकडा टीव्हीवर येत नाही. शिवाय दोन्ही गोष्टी वेगळ्या राहतातच कुठे? धुळीने सुजलेल्या श्वासनलिकेत साधा सर्दीचा विषाणू शिरला तरी दमेकरी थेट अॅडमिट होतो.

"पंपाची सवय लागते म्हणतात," काकूंची शंका. नाही लागत, असं म्हणून कसा ओढायचा ते दोनदा करून दाखवलं.

निघताना मुलाने विचारलं, "धुळीमुळे झालं असं लिहून द्याल? सोसायटीत दाखवतो." 'धुळीमुळे झालं' असं छातीठोकपणे लिहिता येत नाही. मी लिहिलं, 'दमा. शेजारचं बांधकाम चालू असताना त्रास वाढतो, बंद असताना कमी होतो.' सही-शिक्का मारला, एक प्रत वॉर्ड ऑफिसला द्यायला सांगितली. त्याने तिथेच फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला.