बिदियाच्या वाळूत एकट्यानं सात तास

मी भुसावळचा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेलेला असताना खिशात कांदा आणि डोक्याला रुमाल एवढ्या भांडवलावर दुपारभर क्रिकेट खेळलेला माणूस. त्यामुळे मस्कतला आल्यापासून कोणी ‘इथलं ऊन फार’ म्हटलं की मी नुसता हसायचो. जूनच्या शेवटच्या शुक्रवारी जे झालं, त्याचं मूळ या हसण्यात आहे, म्हणून हे आधीच सांगून टाकतो.

बेत साधा होता. मस्कतहून बिदिया सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. बिदबिद आणि इब्रा मागे टाकत जाणारा चौपदरी रस्ता, अडीच तासांचं काम. तिथल्या अल मिंतरिब गावाच्या दक्षिणेला शरकिया सँड्स हे वाळवंट सुरू होतं. जुने लोक त्याला अजून वहिबाच म्हणतात. दोन गाड्या जायच्या होत्या, पण गुरुवारी रात्री मित्राचा फोन आला की मुलीला ताप आहे. मी म्हटलं, तू राहा, मी पहाटे जाऊन नऊपर्यंत बाहेर येतो. हिवाळ्यात पाच वेळा जाऊन आलेलो होतो, वाट पाठ होती. बायकोला ‘बिदियाला चाललोय, जेवायला घरी’ एवढंच सांगितलं आणि साडेतीनला मस्कतमधलं अल खुवैर सोडलं.

सहाला मिंतरिबच्या टायरवाल्याकडे हवा कमी करून घेतली. ३५ वरून १५ पीएसआय. दुकानातल्या बंगाली भाईनं गाडीच्या मागे पाहिलं आणि विचारलं, ‘दूसरा गाडी किधर?’ मी म्हटलं, अकेला. तो काही बोलला नाही. हिवाळ्यात त्याचा नंबर फोनमध्ये टाकून ठेवला होता, तो पुढे कामाला आला.

या वाळवंटाची ठेवण समजून घ्या, नाहीतर नकाशा फसवतो. इथल्या टेकड्या उत्तर-दक्षिण पसरलेल्या आहेत, नांगरून सऱ्या पाडलेल्या शेतासारख्या. फरक इतकाच की वरंबा शंभर मीटरपर्यंत उंच आणि सरी किलोमीटरभर किंवा जास्त रुंद. सरीतून दक्षिणेला जाणारी वाट गाड्यांनी मळलेली असते, तिथे फार काही होत नाही. वरंबा आडवा ओलांडायला गेलं की खरी परीक्षा. नकाशावर शेजारच्या सरीतला कॅम्प चार किलोमीटर दिसतो. ते चार किलोमीटर पक्ष्याचे.

दुसरी गोष्ट मला तोपर्यंत माहीत नव्हती. हिवाळ्यात दर दोन-तीन किलोमीटरवर बेदूंची, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबांची, झोपडी, उंट, एखादी पिकअप दिसते. उन्हाळ्यात ही मंडळी खजुराच्या तोडणीसाठी बिदियाच्या बागांकडे सरकतात. बरेच पर्यटक कॅम्पही बंद असतात. म्हणजे ज्या महिन्यांत मदतीची गरज सगळ्यात जास्त, त्याच महिन्यांत वाळू रिकामी असते. त्या सकाळी वीस किलोमीटर आत गेलो तेव्हा एक उंटसुद्धा दिसला नव्हता, आणि मला वाटलं, वा, काय शांतता आहे!

साडेसातच्या सुमारास फोटोसाठी पश्चिमेच्या टेकडीवर चढलो. पहाटेचा ओलसरपणा उडून गेला होता. सकाळी घट्ट लागणारी वाळू तापून कोरडी झाली की पिठासारखी होते, हे माहीत असूनही चढलो. माथ्यावर ॲक्सिलरेटर नको तेवढा लवकर सोडला, आणि गाडी पोटावर टेकली. पुढची चाकं पलीकडच्या उतारावर, मागची अलीकडे. घाबरून गॅस दिला, चाकं फिरली, गाडी घसरत पलीकडच्या खळग्यात गेली आणि तिथे दारापर्यंत रुतली. आमच्या गटात या खळग्याला ‘वाटी’ म्हणतात. चारी बाजूंनी मऊ चढ, मध्ये तुम्ही.

इथून पुढच्या चुका क्रमानं सांगतो, कारण प्रत्येक चूक आधीच्या चुकीतून निघाली.

आधी हवा आणखी कमी करायला हवी होती. दहा-बारावर आणली तर टायर लांबट पसरतो, वजन जास्त वाळूवर वाटलं जातं आणि बऱ्याचदा न खणताच गाडी आलेल्या चाकोरीतून मागे निघते. मी ते सोडून खणायला लागलो. तेही हातभर दांड्याच्या घडीच्या फावड्यानं, ज्यानं गाडीच्या पोटाखाली पोचायचं तर आडवं झोपावं लागतं. वाटीत वारा नाही. वाळू दोन्ही बाजूंनी तापते आणि तुम्ही कढईत असल्यासारखे. एक फावडं काढलं की पाऊण फावडं परत आत. वीस मिनिटांचं काम म्हणून सुरू केलं, घड्याळ पाहिलं तेव्हा साडेनऊ झाले होते.

भुसावळचं ऊन आणि हे ऊन यांतला फरक मला तेव्हा कळला. तिथे ४५ असतं, पण निंबाची सावली असते, ओसरीवर माठ असतो आणि मुख्य म्हणजे आई ओरडून आत बोलावते. इथे आपणच राबत असतो आणि थांबवणारं कोणी नसतं. अशा उन्हात खणताना तासाला लिटरभर किंवा जास्तही घाम जातो. शरीर तितक्या वेगानं पाणी आत घेऊ शकत नाही, त्यामुळे पाणी हाताशी असूनही माणूस तुटीत जातो. वर घामाबरोबर मीठ जातं. मी सहा लिटर पाणी नेलं होतं आणि मिठाचं काहीच नाही. साडेदहापर्यंत साडेतीन लिटर प्यायलो होतो. पायात गोळे येत होते, मळमळत होतं, डोकं ठणकत होतं.

मग शेवटी हवा कमी करायला बसलो. हवा मोजायचा गेज लावायचो, आकडा वाचायचो, उठेपर्यंत विसरायचो. उजव्या मागच्या चाकाची हवा मी दोनदा सोडली. ते सहावर आलं आणि रिव्हर्स घेताना स्टिअरिंग जरा वळवलं तसा टायर रिममधून निखळला. एकट्यानं जाण्यातला सगळ्यात मोठा धोका कोणता असं कोणी विचारलं, तर मी हेच सांगेन. उष्णता आधी डोक्यात शिरते, आणि शिरली हे ज्या डोक्याला कळायला हवं तेच तोवर बधिर झालेलं असतं. शेजारी माणूस असता तर म्हणाला असता, ‘अरे, आत्ताच सोडलीस की त्याची.’

गाडीत बसून एसी लावला. उतारावर तिरक्या उभ्या गाडीत, वारा नसताना, तापमानाचा काटा दहा मिनिटांत वर सरकला. बंद केला. हा आसरा कायमचा नाही हे तेव्हा समजलं.

अकराला डोक्यात आलं की पलीकडच्या सरीत कॅम्प आहे, चार किलोमीटर, तासाभराचं चालणं. बाटली घेतली आणि निघालो. तीनशे पावलांवर मागे वळून पाहिलं तर गाडी दिसेना. पांढरी प्राडो, एवढी मोठी, एका उंचवट्याआड गडप. पोटात खड्डा पडला. स्वतःच्या पावलांवरून परत आलो, वारा सुटला असता तर तीही पुसली असती. नंतर कळलं की तो कॅम्प ऑक्टोबरपर्यंत बंद होता.

परतताना माथ्यावर थांबलो म्हणून फोनला रेंजची एक काडी मिळाली. खाली वाटीत शून्य. व्हॉट्सॲपचं लोकेशन गोल गोल फिरत राहिलं. साधा एसएमएस मात्र गेला. नकाशावर बोट दाबून धरल्यावर येणारे अक्षांश-रेखांशाचे आकडे टाइप केले, पुढे ‘गाडी रुतली, मी गाडीपाशी, टायरवाल्याला फोन’ आणि त्याचा नंबर, आणि बायकोला पाठवलं. लिंक पाठवू नका, आकडे पाठवा. फोनवर कोणीही कोणालाही वाचून दाखवू शकतं.

नंतरचे साडेतीन तास मी काही केलं नाही, आणि तेवढंच बरोबर केलं. गाडीच्या सावलीच्या बाजूला ताडपत्री दारात अडकवून आडोसा केला, वरची तापलेली वाळू हातभर बाजूला सारली. खालची खरोखरच गार लागते. तिथे पडून राहिलो. रुमाल भिजवून मानेवर. तहान लागली की चार घोट, पाणी चहाइतकं गरम. डब्यात लिंबाच्या लोणच्याची फोड होती, ती चाखत राहिलो. मीठ म्हणून त्याहून चांगलं काही त्या दिवशी माझ्याकडे नव्हतं.

पडल्या पडल्या एक बातमी आठवत होती. ऑगस्ट २०२४ मध्ये सौदीच्या रब अल खालीत एक भारतीय तरुण आणि त्याचा सुदानी सहकारी वाट चुकले, इंधन संपलं, फोन बंद पडला. दोघं गाडीजवळच सापडले, काही दिवसांनी, मृत. गाडी सोडू नका हा सल्ला खरा आहे, पण तुम्ही नक्की कुठल्या सरीत आहात हे बाहेर कोणालाच ठाऊक नसेल तर तो अपुरा आहे. माझा एसएमएस गेला नसता तर बायको ‘बिदिया’ एवढ्या एका शब्दावर काय शोधणार होती?

शुक्रवार असल्यानं जुम्म्याच्या नमाजापर्यंत कोणी निघू शकलं नाही. दोन चाळीसला लँड क्रूझर पिकअपचा आवाज आला. एक वयस्कर ओमानी, सोबत त्याचा नातू. आधी त्यानं माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे नंतर. ताक प्यायला दिलं, खारट. मग वाटीभोवती पायी एक चक्कर मारली आणि हवा भरायच्या पंपानं निखळलेला टायर जॅकवर बसवून घेतला. बाकीच्यांची हवा दहावर आणली आणि मी खणलेलं सगळं सोडून भलत्याच बाजूनं, वाटीतच गोल फिरून वेग घेत गाडी बाहेर काढली. दोरीसुद्धा लागली नाही. हिंदी त्याला माझ्याहून बरी येत होती. ‘रास्ता ठीक, गाडी ठीक. टाइम गलत, अकेला गलत,’ म्हणाला. पैसे किती विचारल्यावर ‘माफी मुश्किल’, म्हणजे ‘काही अडचण नाही’, म्हणून उडवून लावलं. नातवाच्या हातात बळेच वीस रियाल कोंबले.

आता जाणाऱ्यांसाठी. मे ते सप्टेंबर दिवसा आत जाऊच नका. जायचंच तर किमान दोन गाड्या, आणि दोन्हींत खेचायची दोरी, तीही ताणली जाणारी. तिला अडकवायचे हुक चासीला असावेत, बंपरला नकोत. फावडं लांब दांड्याचं, वाळूत चाकाखाली घालायच्या दोन पट्ट्या, गेज, पंप. पाणी माणशी दिवसाला दहा लिटर धरा आणि एक दिवस जास्तीचा. दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, एक कॅन फुटतोच. ओआरएसची पाकिटं न्या. वाळूत पेट्रोल रस्त्याच्या दुपटीनं जाऊ शकतं, टाकी मिंतरिबला भरून घ्या. उतार नेहमी नाक सरळ खाली ठेवून उतरा, तिरके उतरलात तर गाडी कलंडते. थांबायचं तर गाडीचं तोंड उताराकडे करून थांबा. विम्यात वाळूतलं चालवणं धरलंय का ते आधी वाचा, माझ्यात नव्हतं.

घरी एक कागद ठेवा. कुठल्या गावातून आत, कुठल्या वाटेनं, किती वाजता बाहेर, आणि त्या वेळेनंतर किती वाजता ९९९९ ला म्हणजे पोलिसांना फोन करायचा. सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, तोल जायला लागला, तर तो उष्माघात समजा. सावली, ओले कपडे, वारा घालणं आणि लगेच फोन. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र मी आता घेतलंय. ते सुट्टीला भारतात नेऊ नका. तिथे परवान्याशिवाय उपग्रह फोन आणि असली यंत्रं चालत नाहीत, गोव्याच्या विमानतळावर परदेशी पर्यटक यापायी अडकलेले आहेत.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारी परत जातोय. दोन गाड्या ठरल्यात, तिसरी आली तर उत्तम. पहाटे चारला बुर्ज अल सहवाच्या चौकात. मुलीच्या तापाचं कारण देणारा मित्रही येतोय, ताकाचा कॅन त्याच्याकडे सोपवलाय.