फॉरमॅट मारण्याआधी निळा स्क्रीन वाचा

"फॉरमॅट मारावा लागेल." जुन्या कॉम्प्युटरवर निळा स्क्रीन यायला लागला की दुकानातून पहिलं उत्तर हेच मिळतं, बरेचदा मशीन उघडून बघायच्याही आधी. मला हे उत्तर मुळीच पटत नाही. निळा स्क्रीन येतो तेव्हा विंडोज काय बिघडलं ते लिहून ठेवते. फॉरमॅट मारला, म्हणजे डिस्क कोरी करून विंडोज नव्याने टाकली, की ती नोंद पुसली जाते. आणि दोष रॅममध्ये किंवा एसएमपीएसमध्ये (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यात) असेल, तर कोऱ्या विंडोजवरही थोड्याच दिवसांत तोच स्क्रीन पुन्हा हजर.

माझ्या काकांचा कराडला छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, पावतीपुस्तकं, यात्रेची हँडबिलं. डीटीपीचं मशीन म्हणजे कोअर टू ड्युओ, जी४१ चिपसेटचा बोर्ड, दोन-दोन जीबीच्या दोन रॅम आणि विंडोज ७. "नवीन घ्या की आता," असं येणारा-जाणारा सांगतो. पण काकांचं सगळं काम पेजमेकर ७ वर आणि एका जुन्या मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरवर चालतं. त्या सॉफ्टवेअरचं डोंगल, म्हणजे ते चालू व्हायला लागणारी किल्ली, पॅरलल पोर्टला (जुन्या प्रिंटरच्या रुंद जोडणीला) लागतं, आणि आजकालच्या साध्या बोर्डांवर तो पोर्ट दिसतच नाही. वर्षानुवर्षांच्या फायली युनिकोडमध्ये नाहीत. दुसऱ्या मशीनवर उघडल्या तर 'चि. सौ. कां.'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. त्यामुळे हे मशीन टिकवणं ही आमच्या घरची गरज आहे.

ऐन लग्नसराईत ते प्रिंट देता देता बंद पडून आपोआप रीस्टार्ट व्हायला लागलं. निळं काहीतरी चमकायचं आणि वाचायच्या आत जायचं. अधूनमधून अडकायचं ते पूर्वीही, म्हणून काकांनी एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं होतं. त्याने 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर अपडेट' करणारं कुठलंसं सॉफ्टवेअर चालवलं आणि तो गेला. (ड्रायव्हर म्हणजे मशीनचा एकेक भाग विंडोजकडून चालवून घेणारं सॉफ्टवेअर.) त्यानंतर त्रास वाढला. काकांनी मला फोन केला, "अगं, आज तीन पत्रिका द्यायच्यात, आणि हे सारखं झोपतंय."

सगळ्यात आधी ते आपोआप रीस्टार्ट होणं बंद करायचं. सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये अॅडव्हान्स्ड, तिथे स्टार्टअप अँड रिकव्हरीच्या सेटिंग्ज, आणि 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची टिक काढायची. विंडोजच सुरू होत नसेल तर चालू होताना एफ८ दाबलं की तीच सोय तिथल्या यादीत मिळते. आता निळा स्क्रीन जागेवर थांबतो आणि मोबाइलवर फोटो काढता येतो.

आमच्या फोटोत लिहिलं होतं, 'ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल', खाली शेवटी डी१ असलेला स्टॉप कोड, त्यापुढे कंसात चार आकडे आणि शेवटी लॅनच्या (नेटवर्कच्या वायरीच्या) ड्रायव्हरच्या फायलीचं नाव. कंसातल्या आकड्यांकडे कोणी बघत नाही, पण या कोडमध्ये ते फार बोलके असतात. पहिला आकडा म्हणजे ड्रायव्हरने मेमरीतल्या कुठल्या पत्त्याला हात लावला. दुसरा म्हणजे त्या क्षणी काम कुठल्या प्राधान्य पातळीवर चालू होतं. आमच्याकडे तो २ होता. तिसरा शून्य असेल तर तिथून वाचायचा प्रयत्न होता, एक असेल तर लिहायचा. चौथा म्हणजे हे करणारी आज्ञा कुठे होती. पातळी २ वर असताना विंडोजला हार्ड डिस्कवर टाकलेली मेमरी परत आणायला थांबता येत नाही. अशा वेळी ड्रायव्हरने तिथे नसलेल्या मेमरीला हात घातला की विंडोज पुढे जायला नकार देते. पेजमेकर अडकला तर एकटा पेजमेकर बंद होतो. असले ड्रायव्हर मात्र कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, चालतात, तिथली चूक सगळ्यांना घेऊन बुडते. १९ जुलै २०२४ ला जगभरातले सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर निळे पडले आणि आपल्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहिले गेले, तेही एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या ड्रायव्हरने भलत्या पत्त्यावरून वाचायचा प्रयत्न केल्यामुळेच.

पण एका फोटोवरून निकाल देऊ नये. सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरात मिनिडम्प नावाचं फोल्डर असतं, त्यात प्रत्येक क्रॅशची एक फाइल तारखेसकट जमा होते. निरसॉफ्टचं ब्लूस्क्रीनव्ह्यू हे फुकट मिळणारं छोटं सॉफ्टवेअर ती सगळी एका तक्त्यात दाखवतं. त्यात 'एनटीओएसकर्नल' हे नाव सारखं दिसेल. ते विंडोजचं स्वतःचं गाभ्याचं नाव आहे, तोच गुन्हेगार असं क्वचितच असतं. बघायचं ते वेगळंच. दर वेळी तोच कोड आणि तीच फाइल असेल तर संशय ड्रायव्हरवर. दर वेळी कोड वेगळा, फाइल वेगळी असेल तर रॅम, एसएमपीएस किंवा उष्णता.

काकांचा तक्ता तारखेप्रमाणे लावला आणि चित्र स्वच्छ झालं. दुरुस्तीवाला येऊन गेल्यानंतरचे सगळे क्रॅश डी१, सगळे लॅनच्या ड्रायव्हरचे. प्रिंटर लॅनवर आहे, म्हणून प्रिंट देतानाच पडायचं. त्याआधीचे थोडे क्रॅश मात्र विखुरलेले, कधी 'मेमरी मॅनेजमेंट', कधी 'पेज फॉल्ट', फाइल दर वेळी निराळी. म्हणजे दुखणी दोन होती आणि एकाने दुसऱ्याला झाकलं होतं.

लॅनचा ड्रायव्हर डिव्हाइस मॅनेजरमधून काढला, काढताना 'डिलीट द ड्रायव्हर सॉफ्टवेअर'ची टिक लावून, नाहीतर विंडोज तोच पुन्हा बसवते. बोर्डाची मूळ सीडी काकांनी पाकिटासकट जपली होती, त्यातला जुना ड्रायव्हर टाकला. सीडी नसेल तर डिव्हाइसच्या डिटेल्समध्ये हार्डवेअर आयडी बघायचा. त्यात 'व्हेन' पुढचा आकडा कंपनीचा असतो, ८०८६ म्हणजे इंटेल, १०डीई म्हणजे एनव्हिडिया, आणि 'डेव्ह' पुढचा आकडा नेमक्या चिपचा. त्यावरून चिप बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवर शोधायचं. विंडोज ७ वर एक अडचण अशी की २०१९ नंतरचे बरेच ड्रायव्हर नव्या प्रकारची सही घेऊन येतात. केबी४४७४४१९ हा अपडेट नसेल तर ते कोड ५२ दाखवून अडून बसतात.

रॅमसाठी रात्री पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर लावून ठेवलं. सकाळी स्क्रीनवर लाल ओळी. मग एकेक रॅम एकटी लावून, स्लॉट बदलून तपासली. सोनेरी पट्ट्या खोडरबरने पुसल्यावर एक बिनचूक चालली, दुसरी कुठल्याही स्लॉटमध्ये चुकायचीच. ती काढून जुन्या बाजारातली त्याच मापाची डीडीआर३ लावली. पत्रिका वेळेत गेल्या.

फॉरमॅटचा आणखी एक अन्याय मी मैत्रिणीच्या टायपिंग क्लासमध्ये पाहिला आहे. सकाळी मशीन चालू केलं की लगेच निळा स्क्रीन, स्टॉप कोडच्या शेवटी ७बी, म्हणजे विंडोजला स्वतःची डिस्कच सापडत नाही. खूण घड्याळात होती, तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली. बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी संपली होती, म्हणून बायोसमधली (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंग्जमधली) डिस्कशी बोलायची पद्धत एएचसीआयवरून परत जुन्या आयडीईवर गेली होती. बॅटरी बदलली, सेटिंग परत लावली, विंडोज जसंच्या तसं सुरू झालं. तिथेही आधी फॉरमॅटच सुचवला होता, आणि त्यात मुलांच्या परीक्षेच्या सगळ्या नोंदी गेल्या असत्या.

जुन्या मशीनवाल्यांनी एक काम आजच करावं. कंपन्या जुने ड्रायव्हर कायम ठेवत नाहीत. इंटेलने २०१९ च्या अखेरीस आपल्या जुन्या बोर्डांचे बायोस आणि ड्रायव्हर साइटवरून काढायला घेतले होते. विंडोज ७ वर सिस्टिम३२ मधल्या ड्रायव्हरस्टोअर फोल्डरातलं फाइलरिपॉझिटरी पेन ड्राइव्हवर कॉपी करून ठेवा, पुढे डिव्हाइस मॅनेजरला तेच फोल्डर दाखवता येतं. विंडोज १० असेल तर डिझम या विंडोजमधल्याच साधनाची एक्सपोर्ट-ड्रायव्हर कमांड हेच काम नीटनेटकं करते. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० लाच संपला आहे, म्हणून काकांच्या मशीनची इंटरनेटची वायर मी काढून टाकली आहे. लॅनवर आता फक्त प्रिंटर.