उभ्या अक्षावर काय आहे?

माझा भाचा पुण्यात बाणेरला सॉफ्टवेअरमध्ये आहे. सांगलीला आला की जेवणानंतर लॅपटॉप उघडतो आणि एक आलेख माझ्यासमोर धरतो. रेघ डावीकडून जमिनीलगत सरपटत येते आणि उजव्या कडेला सरळ छताला जाते. "हे बघ मावशी. २०२९ साली यंत्र माणसाइतकं हुशार, २०४५ साली सगळ्या माणसांच्या पलीकडे." ही सालं रे कर्झवाइल या अमेरिकन संशोधकाची. आमच्याकडे ती पंचांगातल्या ग्रहणासारखी सांगितली जातात.

आयुष्यभर गणित शिकवल्यामुळे आलेख दिसला की माझी नजर आधी अक्षांवर जाते. या आलेखाच्या उभ्या अक्षावर लिहिलं होतं, हजार डॉलरमध्ये दर सेकंदाला किती आकडेमोड होते. बुद्धी कुठेच नव्हती. "अगं, ते एकच," असं तो म्हणाला आणि तिथून आमचं जुंपलं.

एकच कसं असेल? बुद्धी मोजायची पट्टी आपल्याकडे जवळजवळ नाहीच. एका ठिकाणी मात्र आहे, आणि ते ठिकाण माझ्या ओळखीचं आहे. सांगलीत राहून बुद्धिबळ चुकत नाही. हे भाऊसाहेब पडसलगीकरांचं गाव. निवृत्तीनंतर मी स्पर्धांत पंच म्हणून काम करते. बुद्धिबळात प्रत्येक खेळाडूला गुणांकन असतं, म्हणजे हार-जितीवरून ठरणारा ताकदीचा आकडा, यंत्रालाही देता येतं, आणि यंत्रं गेली पन्नासहून अधिक वर्षं खेळताहेत. म्हणजे कर्झवाइलच्या आलेखाला हवा तसा उभा अक्ष इथे तयार आहे.

तो काय सांगतो? १९५७ साली अमेरिकन संशोधक हर्बर्ट सायमन म्हणाले होते की दहा वर्षांत संगणक बुद्धिबळात जगज्जेता होईल. १९६७ उजाडलं तेव्हा एमआयटी या अमेरिकन संस्थेचा मॅक हॅक हा संगणक-प्रोग्राम शाळकरी स्पर्धकाच्या दर्जाचं, चौदा-पंधराशे गुणांच्या आसपास खेळत होता. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडच्या डेव्हिड लेव्ही या बुद्धिबळपटूने पैज लावली की दहा वर्षांत कोणताही संगणक मला हरवू शकणार नाही. १९७८ साली टोरांटोत तो ती जिंकला. मग १९८३ साली बेल प्रयोगशाळेचं 'बेल' हे यंत्र मास्टर दर्जाला पोहोचलं. १९८८ साली डीप थॉट या संगणकाने बेंट लार्सन या ग्रँडमास्टरला हरवलं आणि त्याच्या पुढच्या वर्षी लेव्हीलाही चार-शून्यने धुतलं. १९९६ साली फिलाडेल्फियात आयबीएमच्या डीप ब्लू या संगणकाविरुद्ध जगज्जेता कास्पारोव्ह ४–२ ने जिंकला. मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला डीप ब्लूने त्याला ३.५–२.५ ने हरवलं.

हे बिंदू कागदावर मांडा. ढोबळमानाने वर्षाला चाळीसेक गुणांची चढण दिसते. सरळ रेघ. याच तीस वर्षांत चिपांची ताकद दर दोनेक वर्षांनी दुप्पट होत होती. डीप ब्लू सेकंदाला २० कोटी स्थिती तपासायचं. म्हणजे कच्चा माल गुणाकाराने वाढत होता आणि खेळ बेरजेने. कारण साधं आहे. एक चाल अधिक खोल बघायची तर काम पाच-सहा पट होतं आणि त्या पाच-सहा पट मेहनतीचं फळ म्हणून गुण मिळतात शे-दोनशे. पुढे पुढे तेवढेही नाहीत.

भाच्याला मी हेच सांगत होते: तुझ्या आलेखातली छताला भिडणारी रेघ खर्चाची आहे, कमाईची नाही.

पण त्या सरळ रेघेनेच माणसाला मागे टाकलं, हे मी लपवत नाही. माजी जगज्जेत्या मॅग्नस कार्लसनचा उच्चांक २८८२, तर आजचं स्टॉकफिश हे बुद्धिबळाचं यंत्र साडेतीन हजारांच्याही वर. मागे पडायला भाच्याच्या आलेखातल्यासारखा स्फोट लागत नाही. रोज थोडं थोडं पुढे जाणारं आणि कधीच न दमणारं काहीतरी असलं की पुरतं. शिवाय कर्झवाइलने १९९० साली लिहिलं होतं की १९९८ पर्यंत संगणक जगज्जेत्याला हरवेल. ते एक वर्ष आधीच घडलं, याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

भाचा गप्प बसणारा नाही. त्याने गुगल डीपमाइंडचं अल्फाझीरो हे यंत्र काढलं. डिसेंबर २०१७. माणसांचा एकही डाव दाखवला नाही, फक्त नियम सांगितले. ते स्वतःशीच खेळत राहिलं आणि चार तासांत त्या वेळच्या स्टॉकफिशच्या पुढे गेलं. नंतरच्या शंभर डावांत २८ विजय, ७२ बरोबऱ्या, हार एकही नाही. "हाच तो स्फोट, मावशी. स्वतःच स्वतःला सुधारणारं यंत्र." दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क या ब्रिटिश गुप्तलेखन-केंद्रात संगणकशास्त्राचे जनक ट्युरिंग यांच्याबरोबर काम केलेल्या आय. जे. गुड या गणितज्ञांनी १९६५ साली हेच म्हटलं होतं: माणसापेक्षा हुशार यंत्र आणखी हुशार यंत्र घडवेल, ते त्याहून हुशार, आणि मग माणसाला काही शोधायची गरजच उरणार नाही.

मी त्याला अल्फाझीरोच्या शोधनिबंधातलाच आलेख उघडायला लावला. सुरुवातीला रेघ भिंतीसारखी उभी. मग ती वाकते आणि उरलेल्या प्रशिक्षणात जवळजवळ आडवी पडते. स्वतःला सुधारण्याची सोय पूर्ण असूनही. त्याचं म्हणणं, बुद्धिबळच संपत आलं, सर्वोत्तम खेळ बरोबरीत सुटणारच, मग गुण वाढणार कुठून? हा मुद्दा बरोबर आहे. तो मला खोडता आला नाही.

पण त्यातूनच मला खटकणारी गोष्ट स्पष्ट झाली. अल्फाझीरोला एक चीज फुकट मिळाली होती: पंच. डाव संपला की जिंकलं, हरलं किंवा बरोबरी, वादाला जागा नाही. पंचाची खुर्ची गरम करणाऱ्या बाईला हे लगेच दिसतं. गणितातही तसंच. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडच्या प्रश्नपत्रिकेवर गुगल डीपमाइंड आणि ओपनएआय यांच्या यंत्रांनी ४२ पैकी ३५ गुण मिळवले, सुवर्णपदकाइतके. मी ते प्रश्न पाहिले आहेत, आणि ती बातमी वाचून माझा दुपारचा चहा गार झाला. सहावा प्रश्न मात्र दोघांनाही सुटला नाही. उत्तर तपासता येतं तिथे यंत्र जाईल, आणि आपण कल्पना करतो त्याहून लवकर जाईल, असं आता माझंही मत आहे. पण मुलगी सासरी नांदत नसेल तर तिला परत आणावं का, याचा निकाल कोणता पंच देतो?

आणि पुढे गेलेलं यंत्र सगळीकडूनच पुढे असतं असंही नाही. गो या सोंगट्यांनी वेढे घालायच्या पटावरच्या खेळात २०१६ साली सोलमध्ये डीपमाइंडच्या अल्फागोने अव्वल खेळाडू ली सेडॉलला ४–१ ने हरवलं. पुढे २०२३ साली केलिन पेलरीन या हौशी खेळाडूने एका अव्वल गो-यंत्राला पंधरापैकी चौदा डावांत लोळवलं. यंत्राच्या सोंगट्यांना हळूहळू वेढा घालायचा आणि अधूनमधून दुसऱ्या कोपऱ्यात खेळून त्याचं लक्ष उडवायचं, अशी युक्ती. नवशिक्या माणसालाही तो वेढा दिसला असता. यंत्राला दिसला नाही. गंमत म्हणजे ही फट शोधायलाही दुसरा संगणक लागला होता. हे वाक्य भाच्याने मला दोनदा वाचायला लावलं.

आमच्या स्पर्धेच्या हॉलमधली मुलं मोबाइल बाहेर जमा करून खेळतात आणि डाव संपला की पहिल्यांदा मोबाइलकडेच धावतात. "घोडा का हलवलास?" विचारलं की उत्तर येतं, "इंजिन प्लस दोन दाखवतंय." म्हणजे मोबाइलमधलं बुद्धिबळाचं यंत्र दोन प्याद्यांइतकी आघाडी सांगतंय. का, ते मुलांना माहीत नाही. माझ्याकडे शिकणारी एक मुलगी दर वेळी जिंकत आलेला डाव घाईने घालवते, आणि त्याचं कारण पटावर नसून तिच्या घरच्या अपेक्षांत आहे. ते इंजिनाला कळत नाही.

म्हणून लेव्हीसारखी पैज मीही लावली आहे. अशा मुलीचे डाव बघून ती का हरते ते यंत्राने तिला पटेल असं सांगायचं. पटलं की नाही हे तिनेच ठरवायचं. भाचा म्हणाला, दोन वर्षांत होईल. मी दहा म्हटलं. घासाघीस करून पाचावर आलो. हरेल त्याने दुसऱ्याला भडंग पोहोचवायचं, आणि तो हरला तर ते पुण्यातलं चालणार नाही.