रकान्यात न बसलेलं दुःख

आज मामीसोबत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात गेले होते. मामांचा पगार, वय, सगळ्याचा हिशेब झाला. पतीचा सहवास गमावल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ४०,००० रुपये ठरवले. २०१८ च्या निकालाने मुलं आणि आईवडीलही त्यात आले. पण मागच्या सीटवरून सगळं पाहिलेला मामेभाऊ अजून हॉर्न ऐकला की थरथरतो, त्याच्या उडालेल्या झोपेला रकानाच नव्हता. इंग्लंडमध्ये १९८९ च्या हिल्सबरो फुटबॉल स्टेडियममधल्या चेंगराचेंगरीत दोन भाऊ गमावलेला, तेव्हा त्याच स्टेडियममध्ये असलेला माणूसही १९९१ मध्ये मानसिक धक्क्याच्या भरपाईचा दावा हरला, कारण भावांशी जवळीक सिद्ध झाली नाही. भावांशी! मला हे अजिबात पटत नाही. मानसोपचारांची बिलं पुढच्या तारखेला जोडायला वकिलांना सांगितलंय.