आमची वाटचाल : एका काळ्या बोनेटची नोंद

सांगली-मिरज रस्त्यावर २००९ साली आम्ही वॉशिंग सेंटर सुरू केले, तेव्हा एक प्रेशर पंप, चार बादल्या आणि मिस्त्रींचे जुने रोटरी मशिन, म्हणजे गोल पॅड फिरवून रंगाला पॉलिश करणारे यंत्र, एवढाच आमचा संसार होता. मिस्त्री माझे भागीदार. त्यांची हयात रंगकामात गेलेली, आणि मी हिशेब सांभाळणारा. गाडी नव्याने रंगवण्याऐवजी आहे तोच रंग वर काढायचा, हे आमचे म्हणणे त्या वेळी कोणालाही पटत नव्हते.

पहिल्यांदा पटले ते एका निवृत्त गुरुजींना. त्यांची पांढरी मारुती ८०० तीन वर्षे चिंचेखाली उभी होती. टपावर शेवाळ, पक्ष्यांच्या विष्ठेचे डाग आणि गळीत हंगामात उडून आलेल्या राखेचा थर. पूर्ण रंगाचे वीस हजार सांगितले गेले होते आणि गुरुजींच्या खिशात अडीच हजार होते. मिस्त्रींनी आधी नुसत्या पाण्याच्या माऱ्याने माती सोडवली, कारण धुळीवर फडके फिरवणे आणि पॉलिशपेपर फिरवणे यांत फारसा फरक नाही. मग शाम्पूची एक बादली आणि हातमोजा खळबळण्याची दुसरी, डांबराच्या ठिपक्यांना रॉकेलचा बोळा, आणि त्यानंतर क्ले, म्हणजे रंगात रुतलेले बारीक कण ओढून काढणारी मऊ वडी. क्लेची वडी साबणपाण्यावरून फिरताना आधी खरखरते आणि हळूहळू गप्प होते. ती गप्प झाल्याशिवाय मिस्त्री कंपाउंडच्या, म्हणजे रंगाचा वरचा थर घासून काढणाऱ्या पेस्टच्या, डब्याला हात लावू देत नसत. दारावर वीतभर जागेत कंपाउंड फिरवून पाहिले, तेव्हा पॅड पांढरेफटक झाले आणि गुरुजी घाबरले. त्या गाडीच्या साध्या पांढऱ्या रंगावर क्लिअर, म्हणजे वरचा पारदर्शक थर, नव्हता, त्यामुळे पॅडवर येत होता तो मेलेला रंग. खालचा जिवंत होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टपात ट्यूबलाइटची सरळ रेघ दिसू लागली. वर मेणाचा एक हात दिला आणि बिल २,४०० रुपये केले. गुरुजी तेव्हापासून दर दिवाळीच्या आधी येतात.

पुढची आठ-नऊ वर्षे बरी गेली.

२०१८ साली समोरच एक काचेचे दालन उघडले आणि सिरॅमिक कोटिंगची, म्हणजे रंगावर चढवायच्या कडक पारदर्शक लेपाची, पाटी लागली. कोटिंगला माझा विरोध नाही, आम्हीही ते करतो. परंतु रंगावरची कोळ्याच्या जाळ्यासारखी ओरखड्यांची नक्षी आधी काढली नाही, तर ती कोटिंगखाली कोंडली जाते आणि गिऱ्हाईक अठरा हजार मोजून तीच घरी नेते. हे मी बोलून दाखवत असे, आणि ते बहुधा समोर पोहोचत असावे.

त्याच वर्षी आमच्या हातून एक काळी सेडान बिघडली. आमच्याकडे कामाला असलेल्या मुलाने रोटरी बोनेटच्या डाव्या कडेवर क्षणभर जास्त रेंगाळू दिली. कडेवर रंगाचा थर मुळात पातळ असतो आणि उष्णता तिथेच साठते; क्लिअर गेला, काळा रंग गेला आणि खालचा राखाडी प्रायमर उघडा पडला. बोनेट नव्याने रंगवून देण्याचे नऊ हजार आम्ही निमूटपणे भरले. मात्र तोपर्यंत त्या कडेचा फोटो गावभर मोबाइलवर फिरला होता, आणि समोरच्या दालनात तो गिऱ्हाइकांना दाखवला जात होता, हे मला तिघांनी वेगवेगळे येऊन सांगितले. पुढच्या चार महिन्यांत पॉलिशसाठी अकरा गाड्या आल्या. कामावरच्या दोन मुलांना कमी करावे लागले. मिस्त्रीही समोर गेले. त्यांच्या घरी लग्न होते आणि मी त्यांचे पैसे वेळेवर देऊ शकत नव्हतो, त्यामुळे त्यांना दोष देत नाही. मशिन मात्र त्यांनी माझ्याकडेच ठेवले.

रंगाची जाडी मोजणारे यंत्र मी त्यानंतर घेतले. ते आधीच घ्यायला हवे होते. तीच गाडी वर्षाने धुण्यासाठी आली, तेव्हा मी न विचारता सगळीकडे मोजले : टप ११५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), दारे ११०, पुन्हा रंगवलेले बोनेट २२०, आणि उजवे फेंडर ७२. कंपनीचा रंग टपावर एक आणि फेंडरवर दुसरा इतक्या फरकाने बसत नाही. मालकांना विचारले, तेव्हा गाडी जुन्या बाजारातून घेतल्याचे त्यांनी सहज सांगितले. विकण्यापूर्वी कोणीतरी तिच्यावर जबरदस्त रबिंग मारून, म्हणजे कंपाउंडने घासून, रंग झिजवला होता, आणि त्याचे पैसे आम्ही भरले होते.

म्हणून जुनी गाडी घरी उजळवणाऱ्यांना न विचारता सांगतो : कडांवर मास्किंग टेप लावा, काम सावलीत आणि एकेका भागावर करा, कपडे धुण्याची पावडर गाडीला लावू नका, आणि आपल्याकडचे बोअरचे जड, क्षारांचे पाणी गाडीवर सुकू न देता लगेच पुसा. दरवर्षी रबिंग मारून घेऊ नका, मेण पुरते.

आता प्रत्येक गाडीची मापे काम सुरू करण्यापूर्वी वहीत लिहून मालकांची सही घेतो. वहीचे पहिले पान त्या सेडानचे आहे, आणि त्यावर ‘बोनेट, डावी कड’ यापुढची जागा मोकळी आहे.