ओर्व्हिएतो: गाडी खाली, आपण वर

रोमहून फ्लोरेन्सला भाड्याच्या गाडीने जाताना वाटेत एकच गाव बघायचं, पण निवांत, असं आमचं ठरलं होतं. ओर्व्हिएतो ए-1 महामार्गाला अगदी लागून आहे, म्हणून ते निवडलं. भारतीय लायसन्ससोबत इंटरनॅशनल परमिट लागतं, ते निघण्याआधीच आरटीओतून काढून घेतलं होतं. टोलचं सोपं आहे: महामार्गावर चढताना मशीनमधून तिकीट घ्यायचं, उतरताना पैसे भरायचे. फक्त टेलिपासच्या पिवळ्या लेनमध्ये शिरू नका, ती टॅगवाल्यांची.

खरी काळजी पुढे असते. इटलीतल्या बहुतेक जुन्या गावांत झेडटीएल असतं, म्हणजे परवानगीशिवाय गाडी न्यायची नाही असा भाग. तिथे शिपाई उभा नसतो, कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड नंतर घरी येतो. म्हणून आम्ही नकाशावर गावाचं नाव टाकलंच नाही, गाव ज्या कड्यावर वसलंय त्याच्या पायथ्याचं काम्पो देल्ला फिएरा हे पार्किंग टाकलं. तिथून सरकते जिने आणि लिफ्ट थेट जुन्या गावात नेतात. आईचे गुडघे दुखतात, तरी ती आरामात वर आली.

कॅथेड्रलचं काम 1290 साली सुरू झालं. भिंतींवर काळ्या-पांढऱ्या दगडांचे पट्टे आहेत. आत सिन्योरेल्ली या चित्रकाराची भित्तिचित्रं आहेत, त्यांत जमिनीतून उठून बाहेर येणारे मृत दिसतात. तिकीट वेगळं पडलं तरी हे चुकवू नका.

पण मला सगळ्यात भावली ती विहीर, पोझ्झो दी सान पात्रिझिओ. गडावर गेलं की आधी पाण्याची टाकी शोधायची, ही सह्याद्रीत लागलेली सवय. आपल्या कातळात टाकी खोदली की पावसाचं पाणी टिकतं. इथला टफ, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा खडक, सच्छिद्र, पाणी झिरपून खालच्या चिकणमातीपर्यंत जातं. 1527 मध्ये रोमची लूट झाल्यावर पोप सातवा क्लेमेंट इथे आश्रयाला आला. वेढा पडला तर पाण्याचं काय, या धास्तीने त्याने सांगाल्लो या वास्तुकाराकडून ही विहीर खोदून घेतली. ती पुरी झाली 1537 मध्ये, क्लेमेंटच्या मृत्यूनंतर.

खोली सुमारे 53 मीटर. एकमेकांभोवती फिरणारे दोन जिने, प्रत्येकी 248 पायऱ्या. पाणी आणायला खेचरं एका जिन्याने उतरत, तळाचा पूल ओलांडून दुसऱ्याने चढत, वाटेत समोरासमोर येतच नसत. पायऱ्या रुंद आणि बुटक्या आहेत, त्या खेचरांसाठीच. मधल्या पोकळीकडे उघडणाऱ्या खिडक्यांतून पलीकडच्या जिन्यावरची माणसं दिसतात, पण त्यांच्यापर्यंत पोहोचता येत नाही. इतकी हुशार रचना मी दुसरीकडे पाहिलेली नाही. तळाशी गारवा असतो, अंगावर काहीतरी असू द्या.

विहीर गावाच्या दुसऱ्या टोकाला, फ्युनिक्युलरच्या, म्हणजे खालच्या रेल्वे स्टेशनापासून दोरीने वर ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या, वरच्या स्टेशनाजवळ आहे. रेल्वेने येणाऱ्यांनी तिथूनच सुरुवात करावी. गाडीवाल्यांनी मात्र कॅथेड्रल आधी बघावं आणि पार्किंगपर्यंत गावातून परत चालायला वेळ राखून ठेवावा.